विहीणबाईंचा पाव

जानेवारीतली सकाळ होती. नाशिकरोडच्या आमच्या कॉलनीत दारापुढे पाणी मारायचं काम चाललं होतं. मी गाडीची काच पुसली, शेजारच्या सीटवरची वर्तमानपत्रं मागे टाकली आणि विहीणबाईंना म्हटलं, "चला." हा एक मराठी शब्द त्यांना पक्का येत होता. स्वेटरची बटणं लावत त्या बाहेर आल्या, समोरून येणाऱ्या जाधवकाकांना "झे भीम" म्हणाल्या (त्यांच्या तोंडी 'जय'चा 'झे' होतो) आणि गाडीत बसल्या. आम्ही निघालो होतो फ्रेंच पाव शोधायला, तोही नाशिक जिल्ह्यात.

माझा मुलगा सुमेध शिकायला म्हणून फ्रान्सला गेला, तिथे नोकरीला लागला आणि सेलीन नावाच्या मुलीच्या प्रेमात पडला. लग्न आमच्या इथल्या विहारात झालं. सेलीन शिकलीय वाइन बनवायला. नाशिकजवळच्या एका वायनरीत तिला काम मिळालं आणि मुलगा-सून दोघंही माझ्या घरी राहायला आली. एवढं सुख माझ्या हिशोबात नव्हतं. पुढे सेलीनला दिवस गेले आणि आठव्या महिन्यात तिची आई मोनिक बाळंतपणासाठी आली. उन्हाळ्यापर्यंत राहायचं असा बेत होता. या मोनिकबाई म्हणजे माझ्या विहीणबाई. त्यांनी सगळी नोकरी खेड्यापाड्यांत टपाल वाटण्यात केली. मी पाटबंधारे खात्यात कारकून होते. दोघी निवृत्त, दोघींचेही यजमान नाहीत.

विहीण घरी आली म्हणजे तिचा मान ठेवायचा, तिला कशाला हात लावू द्यायचा नाही, हे आम्ही लहानपणापासून पाहत आलेलो. मीही तसंच केलं. पुरणपोळ्या झाल्या, शेवभाजी कमी तिखट करून झाली, रोज नवा पदार्थ झाला. बाई थोडंसं चाखायच्या, हसायच्या आणि ताट बाजूला सरकवायच्या. मग एका संध्याकाळी सेलीन स्वयंपाकघरात येऊन माझ्याजवळ उभी राहिली. मला ती आई म्हणते, मोनिकबाईंना मामाँ.

"आई, मामाँला परत जायचंय. तिकीट बदलून दे म्हणते."

"बाळ व्हायच्या आधी?"

तिने होकाराची मान हलवली. डोळे भरून आले होते.

"काय कमी पडलं त्यांना?"

"मीही तेच विचारलं. म्हणाली, पाव."

मला आधी राग आला, मग हसू आलं. सेलीन मात्र हसत नव्हती. पहिलं बाळंतपण, परका देश, आणि आई निघून चाललेली. पावावाचून अडलं असेल तर पाव शोधायचा, असं मी ठरवलं. तिकिटाचं दोन आठवडे थांबा, एवढं विहीणबाईंकडून कबूल करून घेतलं.

आमच्या बोलण्याबद्दल एक सांगून ठेवते. त्यांचं इंग्रजी मोडकं, माझं त्याहून मोडकं. उरलेलं काम हात करायचे. इथे मी ते सगळं सरळ मराठीत लिहिते आहे, पण प्रत्यक्षात एकेका वाक्याला बराच वेळ लागायचा.

पहिला मुक्काम गंगापूर रोड. तिथे काचेच्या दारांची, पिवळ्या दिव्यांची कॅफे ओळीने उभी आहेत. माझं तिकडे जाणं साडीच्या दुकानापलीकडे कधी झालं नव्हतं. एका कॅफेत टोपलीत 'बागेत' (हातभर लांबीचा कडक फ्रेंच पाव) उभे करून ठेवलेले दिसले. मी मनात म्हटलं, झालं काम. वेटरने एक आणून ठेवला. विहीणबाईंनी तो टेबलावर आपटून बघितला. आवाज आला नाही. मग त्यांनी त्याची दोन्ही टोकं धरली आणि हळूहळू वाकवत एकमेकांना टेकवली. पाव मोडला नाही.

"केळं," त्या म्हणाल्या. हा शब्द त्या आमच्या भाजीवाल्याकडून शिकल्या होत्या.

वेटर पोरगेलासा होता, गंभीर झाला. "मॅम, हा मुंबईहून येतो. फ्रेंचच आहे."

"असेल," मी म्हटलं, "प्रवासात दमलाय."

आम्ही तो कॉफीत बुडवून खाल्ला. वाईट नव्हता. पण खिडकीतून रस्त्याकडे बघत विहीणबाई विचारात पडल्या होत्या आणि मला वाटलं, या मनातल्या मनात बॅग भरतायत.

म्हणून दुपारी घरी न जाता मी गाडी जुन्या नाशकात घातली. भद्रकालीच्या बाजूला गाडी लावून बोळातून चालत गेलं की एक जुनी बेकरी लागते. माझे यजमान तिथली खारी आणायचे. लाकडाची भट्टी, भिंती काळ्या झालेल्या, आणि दारातच असा वास की बोलणं थांबावं. विहीणबाई उंबऱ्यात उभ्या राहिल्या आणि त्यांनी डोळे मिटले. भट्टीतून लादी पावाचा पत्रा बाहेर आला, त्यामागून कडक पावाचा. गल्ल्यावर बसलेले चाचा माझ्याकडे बघत म्हणाले, "बाई, या पाहुण्या कुठल्या?"

"फ्रान्सच्या. माझ्या विहीण."

चाचांनी उठून स्टूल दिलं. विहीणबाईंनी कडक पाव घेतला, वरच्या कवचावर बोटाने टकटक केलं, मान डोलावली. पाव मोडला, आतला मऊ भाग अंगठ्याने दाबला, आणि तो चाचांना दाखवत म्हणाल्या, "मी."

चाचा बघत राहिले. "पावात या कुठून आल्या?"

त्या पुन्हा पाव दाबत, जरा जोरात, "मी. मी."

फ्रेंचमध्ये पावाच्या आतल्या मऊ भागाला 'मी' म्हणतात, हे मला तेव्हा कुठे माहीत होतं? मी आणि चाचा दोघंही चक्रावलो. मी फोन लावून सेलीनला विचारलं, तिने खुलासा केला, आणि मग चाचा इतके हसले की त्यांना पाणी प्यावं लागलं. विहीणबाईंचं म्हणणं असं होतं की वरचं कवच उत्तम आहे, पण 'मी' गोड आहे आणि फार मऊ आहे.

"बरोबर आहे त्यांचं," चाचा म्हणाले. "आपल्याकडे गोडसरच चालतो. तुम्हाला असली माल पाहिजे तर निफाडला जा. आमचा एक भाचा आहे, युनूस. जहाजावर होता, फ्रेंच लोकांच्या हाताखाली. तिथे पावच करायचा."

आम्ही कडक पाव पिशवीभर घेतले आणि वाटेत निम्मे संपवले. विहीणबाई त्या रात्री व्यवस्थित जेवल्या. सुमेधने माझ्याकडे बघून भुवया उंचावल्या. मी म्हटलं, "गुरुवारी निफाडला चाललोय आम्ही."

गुरुवारी निफाडच्या रस्त्याला लागलो तर समोर दाट धुकं. निफाडची थंडी सगळ्या महाराष्ट्रात गाजलेली. गाडीचे दिवे लावून हळूहळू चालले होते. धुकं विरळ झालं तशा दोन्ही बाजूंना द्राक्षबागा दिसायला लागल्या. काही बागांत घडांना कागद गुंडाळलेले होते, बाया पाठीला पाठ लावून काम करत होत्या, एका शेताच्या कडेला शेकोटी होती. विहीणबाई काच खाली करून बघत होत्या. त्यांच्याकडे द्राक्षाची झाडं कमरेइतकी बुटकी असतात, इथे माणूस मांडवाखालून ताठ चालतो, याचं त्यांना फार नवल. त्यांनी मला गाडी थांबवायला लावली आणि त्या सरळ बागेत शिरल्या. मी मागून धावले. बागेतल्या बाईने हाकलण्याऐवजी हातावर घड ठेवला.

"खा की, लय गोड हाय," ती म्हणाली. "कुठं चालल्या तुम्ही?"

मी युनूसभाईंच्या बेकरीचं नाव काढलं.

"युनूसभाई? ते निफाडात नाय आता. वणीला गेले, सासरवाडीला. मानूस लय भारी, पन पाव असा कडक द्यायचे की आमच्या सासूबाईंचा दात हालला."

वणी म्हणजे पिंपळगावावरून पुढे, आणखी तासाभराचा रस्ता. डॉक्टरांनी सेलीनला अजून तीन आठवडे सांगितले होते. तरी मी फोन करून विचारलं. ती म्हणाली, मी ठणठणीत आहे, मामाँ काय करतेय? मी म्हटलं, दुसऱ्याच्या शेतातली द्राक्षं खातेय. ती खूप हसली.

पिंपळगावला आम्ही मिसळ खाल्ली. रश्शाने विहीणबाईंच्या डोळ्यांतून, नाकातून पाणी आलं, पण त्यांनी वाटी सोडली नाही. पुढे रस्ता उत्तरेला वळतो, डोंगर जवळ यायला लागतात, आणि एका वळणावर सप्तशृंगीचा गड एकदम समोर उभा राहतो. सरळ कापल्यासारखे कडे, वर निळं आकाश. मी इतकी वर्षं याच भागातल्या कालव्यांच्या फायली हाताळल्या, पण त्या वळणावर थांबून डोंगर कधी बघितला नव्हता.

वणीत बेकरी शोधायला त्रास पडला नाही. बाजाराच्या तोंडाशीच होती. दारात जाड भिंगांचा चष्मा लावलेला, अंगापिंडाने भरलेला माणूस खुर्ची टाकून बसला होता. मी "या फ्रान्सच्या पाहुण्या" म्हणताच तो उठला, छातीवर हात ठेवून म्हणाला, "बोंजूर, मादाम." आणि मग त्याने धडाधड फ्रेंच बोलायला सुरुवात केली. विहीणबाईंचा चेहरा आधी फुलला, मग लाल झाला, मग त्यांनी तोंडावर हात ठेवला. हसू आवरेना म्हणून भिंतीला टेकल्या.

"काय झालं?" युनूसभाई गोंधळले. "आमचा मोठा आचारी रोज सकाळी हेच म्हणायचा."

त्या आचाऱ्याने युनूसभाईंना रोज सकाळी काय ऐकवलं, ते विहीणबाईंनी मला सांगायचं नाकारलं. एवढंच म्हणाल्या की टपाल खात्यातसुद्धा असं कोणी बोलत नाही.

आम्ही येण्याचं कारण सांगितलं. युनूसभाई पुन्हा खुर्चीत बसले.

"करायचो मी, ताई. निफाडला रोज करायचो. जहाजावर लोक माझ्या 'बागेत'ला नावाजायचे. पण इथली माणसं पाव हातात घेतात, कडक लागला की म्हणतात, युनूसभाई, शिळा दिला. किती जणांना समजावणार? गिऱ्हाईक तुटलं. आता लादी पाव आणि खारी. झोप लागते निवांत."

"आमच्यासाठी एकदा कराल?"

"त्याला वेळ लागतो. आज पीठ मळायचं, रात्रभर फुगू द्यायचं, उद्या पहाटे भट्टी." त्यांनी विहीणबाईंकडे बघितलं. "मादामना मळायचं असेल तर आत या म्हणावं. हात धुऊन."

मी भाषांतर करायच्या आधीच विहीणबाई बाह्या सरसावून आत गेल्या होत्या.

आत लांब लाकडी टेबल होतं. युनूसभाईंनी पिठाचा ढीग ओतला. ते एका बाजूने, विहीणबाई दुसऱ्या बाजूने. कोण बरोबर मळतंय यावरून दोघांत लगेच वाद सुरू झाला, अर्धा फ्रेंचमध्ये, अर्धा हिंदीत. युनूसभाईंच्या बायकोने, शकीलाभाभींनी, मला चहा दिला आणि म्हणाल्या, "लय दिवसांनी यांना कोनी भांडायला मिळालं."

मध्येच युनूसभाईंनी मला विचारायला सांगितलं, मादामच्या गावचा बेकर आंबवण किती दिवसांचं वापरतो?

विहीणबाईंनी मळता मळता उत्तर दिलं, "आमच्या गावात बेकर नाही. तो थकला, दुकान बंद झालं. आता चौकात मशीन आहे. पैसे टाकले की पाव खाली पडतो."

मी भाषांतर केलं. युनूसभाईंचे हात थांबले. माझ्याही हातातला कप तसाच राहिला.

"मशीनमधला पाव खाता तुम्ही?" मी विचारलं. "मग आपण इतके दिवस काय शोधतोय?"

त्यांनी पिठाचा गोळा उलटा केला. मग म्हणाल्या, "सेलीनने विचारलं, काय कमी आहे. मला सांगता येईना. पाव म्हटलं. पाव आठवतोच, ते खोटं नाही. पण तुझ्या घरात मी सकाळी उठते आणि बसते. चहा येतो. बसते. जेवण येतं. भांडं उचललं तर तू काढून घेतेस. मी जन्मभर लोकांच्या दारोदार फिरले आहे. बसून बसून मला वाटायला लागलं, मी इथे उगीच आले. बाळ आल्यावरही मला असंच खुर्चीत बसवतील."

मी त्यांचा मान ठेवत होते आणि त्या मानाखाली त्या गुदमरल्या होत्या. रागही आला थोडा, आधी सांगायचं ना. पण पिठात कोपरापर्यंत हात बुडवलेल्या त्या बाईकडे बघून राग टिकला नाही.

"सकाळचा चहा उद्यापासून तुम्ही करा," मी म्हटलं. "भाजी चिरायची, बाजार आणायचा. बाळाचे लंगोटही तुमच्याकडे. मी बसते."

"तू बसणार?" त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. "तुला जमणार नाही."

शकीलाभाभींना भाषा कळत नव्हती, पण त्या आमच्याकडे बघून हसत होत्या.

पीठ झाकून ठेवायच्या बेतात होतो तेव्हा फोन वाजला. सुमेध होता. आवाज शांत ठेवायचा प्रयत्न चालला होता. "आई, सेलीनला दवाखान्यात आणलंय. कळा सुरू झाल्यात. घाबरू नका, पण या."

मी विहीणबाईंना सांगितलं. त्यांनी हातही धुतले नाहीत. कोपरापर्यंत पीठ तसंच घेऊन गाडीत जाऊन बसल्या. युनूसभाई खिडकीशी आले. "पावाचं मी बघतो. तुम्ही जा. फोन नंबर द्या तेवढा."

दिंडोरीच्या रस्त्याने आलो. ऊन उतरत होतं. विहीणबाई पाय दाबून बसल्या होत्या, जणू त्यांच्याच पायाखाली ब्रेक होता. दिंडोरीत शिरलो तर समोर लग्नाची वरात. बँड, घोडा, दोन्ही बाजूला ट्रॅक्टर अडकलेले. मी हॉर्न वाजवून थकले. तेवढ्यात शेजारचं दार उघडलं आणि विहीणबाई उतरल्या. पिठाचे हात वर करून त्या वरातीत घुसल्या आणि जोरजोरात म्हणायला लागल्या, "चला. चला. बाळ. चला."

नाचणारी पोरं थबकली. एका म्हाताऱ्या बाईने मला खिडकीतून विचारलं, "काय झालं वं?"

"त्यांची लेक बाळंत होतेय नाशकात."

तिने मागे वळून एकच हाक दिली. बँड थांबला, घोडा बाजूला झाला, ट्रॅक्टरवाला मागे सरकला. नवऱ्या मुलानेसुद्धा घोड्यावरून हात करून आम्हाला वाट दिली. विहीणबाई धावत येऊन गाडीत बसल्या, आणि आमच्या मागे बँड पुन्हा सुरू झाला.

आम्ही दवाखान्यात पोचलो तेव्हा दिवे लागले होते. नर्सने विहीणबाईंना आधी बेसिनपाशी नेलं, साबण दिला आणि मग आत सोडलं. मी आणि सुमेध बाहेर उभे. मला वाटलं होतं, अशा वेळी मी आत असावं म्हणून जीव तुटेल. तसं झालं नाही. तिची आई तिच्याजवळ होती. थोड्या वेळाने आतून रडण्याचा आवाज आला आणि मग विहीणबाई दारात आल्या. त्यांनी माझे दोन्ही खांदे धरले, फ्रेंचमध्ये काहीतरी लांबलचक बोलल्या. मला एकच कळलं, मुलगी.

दुसऱ्या दिवशी सकाळी युनूसभाईंचा फोन. "ताई, वणीच्या गाडीने पाठवलाय. कंडक्टरकडे आहे. मुलगी की मुलगा?" मी बातमी दिली. त्यांनी पलीकडे शकीलाभाभींना ओरडून सांगितलं.

मी स्टँडवर गेले. गाडी लागली, कंडक्टर फडक्यात बांधलेलं लांबट गाठोडं घेऊन उतरला. "हे तुमचं का बाई? काय हाय यात? सगळी गाडी वासाने उठली." फडक्यात सहा पाव होते. दोन पावांची टोकं मोडली होती. मी एक टोक कंडक्टरला दिलं. त्याने चावलं, जबडा थांबवला, परत चावलं. "कडक हाय," तो म्हणाला. "पन गोष्ट वेगळी हाय."

दवाखान्याच्या व्हरांड्यात विहीणबाईंनी पाव कानाशी धरून दाबला. कवच कडकडलं. त्यांनी मोडून माझ्यासमोर धरला, आत लहानमोठी भोकं होती. त्यांनी घास खाल्ला, हळूहळू चावला, आणि मग फोन मागितला. युनूसभाईंना त्यांनी सांगितलं की कवच फार छान, 'मी' छान, पण मीठ जास्त झालंय.

फोनमधून युनूसभाईंचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला. "मीठ मी कुठे घातलं? मादामनीच घातलं. मी नको म्हणत होतो."

मी हे सांगितल्यावर विहीणबाई आठवायला लागल्या. आठवलं तशा बाकावर बसून इतक्या हसल्या की नर्स बघायला आली. आम्ही तिलाही पाव दिला. सेलीनने अंथरुणात बसून तोच पाव लोणी लावून खाल्ला, बाळ तिच्या कुशीत झोपलेलं. तिकिटाचं पुन्हा कोणी विचारलं नाही.

विहीणबाई एप्रिल संपेपर्यंत राहिल्या. सकाळचा चहा त्यांचा झाला. तो पाणचट असायचा, पण मी काही म्हटलं नाही. दर गुरुवारी त्या एकट्या एसटीने वणीला जायच्या, युनूसभाईंशी भांडून यायच्या. युनूसभाईंनी आठवड्यातून एक दिवस 'बागेत' पाव करायला पुन्हा सुरुवात केली. वणीत तो फारसा खपत नाही, असं ते म्हणतात. पण द्राक्षाच्या दिवसांत वायनरीत राहायला येणारे पाहुणे मागवतात.

ऊन फार झालं तेव्हा त्या निघाल्या. सुमेधला सुट्टी नव्हती, म्हणून मुंबईच्या विमानतळावर मीच सोडलं. आत जाताना त्यांनी वळून हात केला, मीही केला, आणि गाडीत येऊन बसले. मग परतीचा रस्ता धरला. कसाऱ्याचा घाट चढून वर आल्यावर वारा बदलला. शेजारची सीट रिकामी होती, त्यामुळे गाडी जरा जास्तच शांत वाटत होती. मी विचार करत होते की साठी उलटेपर्यंत मी माझा जिल्हा कामापुरता बघितला. ज्या रस्त्यावर काम नाही, तिथे उतरायचं कारण काय, असंच वाटायचं. एका परक्या बाईबरोबर धड नाव न सांगता येणाऱ्या गोष्टीच्या मागे हिंडले, तेव्हा कळलं की उतरलं की माणसं घड हातावर ठेवतात, वरात थांबवतात, भांडतातसुद्धा. आणि आपली विहीण पाहुणी राहत नाही.

घोटीच्या अलीकडे रस्त्यापासून आत एका पत्र्याच्या शेडमधून धूर वर येत होता. भट्टीचा धूर मला आता ओळखू येतो. माझं तिथे काहीच काम नव्हतं. मी इंडिकेटर दिला आणि गाडी वळवली.

घरी पोचले तेव्हा सेलीन बाळाला खांद्यावर घेऊन दारात उभी होती.

"आई, एवढा उशीर? मामाँचं विमानसुद्धा उडालं."

"वाटेत थांबले होते," मी म्हटलं, आणि बाळाला घ्यायला हात पुढे केले.